मनाच्या वैद्याची पारख

पावसाळा सुरू झाला की सांगलीच्या पेठांतील व्यापारी घरांत एक आकडा दिवसातून दहा वेळा पाहिला जातो. आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी किती फुटांवर आहे, हा तो आकडा. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या घरात गेले होते, हे तिथल्या शाळकरी मुलालाही तोंडपाठ असते. २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर ज्यांनी आपल्या दुकानाच्या पायरीवरून पाहिले, त्यांपैकी बहुतेकांनी माल पुन्हा भरला, भिजलेल्या वह्या पुन्हा लिहून काढल्या, विम्याचे दावे नेटाने लढवले. व्यवहार सावरला. मात्र कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की पन्नाशीचा कर्ता पुरुष रात्री दोन वाजता उठून गोदामाचे कुलूप पाहून येतो, विनाकारण मुलांवर ओरडतो, आणि छातीत धडधडते म्हणून हृदयरोगतज्ज्ञाकडे जातो. ईसीजी नॉर्मल, टूडी एको नॉर्मल, स्ट्रेस टेस्टही नॉर्मल. ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका,’ असे सांगून डॉक्टर निरोप देतात.

मुंबईतील घरांत हीच गोष्ट निराळ्या तारखांनी सांगितली जाते. १२ मार्च १९९३. २५ ऑगस्ट २००३. १३ जुलै २०११. शेअर बाजार, मस्जिद बंदर, झवेरी बाजार, ऑपेरा हाउसचा हिरेबाजार. त्या दिवशी पेढीवर असलेला, अंगावर ओरखडाही न उठलेला माणूस आजही रस्त्यावर टायर फुटला तर जागच्या जागी खाली बसतो. आणि ज्यांना कोणतीच तारीख नाही, अशा कहाण्या तर कितीतरी. लहानपणी वसतिगृहात किंवा जवळच्याच नात्यातल्या घरी जे घडले ते कधीच कोणाला न सांगितलेली स्त्री. खंडणीच्या एका फोननंतर अनोळखी क्रमांक उचलणे सोडून दिलेला तरुण. वाटणीच्या भांडणात वडिलांचा अपमान डोळ्यांदेखत पाहिलेला मुलगा, जो आता स्वतः चाळिशीचा आहे. घरात या साऱ्यांना एकच शब्द मिळतो : ‘स्वभावच घाबरट आहे.’

तो स्वभाव नाही, हे प्रथम स्पष्ट करायला हवे. हृदयाच्या तपासण्या व्यर्थ गेल्या असेही नव्हे. धडधडीमागे हृदय नाही, थायरॉइड नाही, हे पाहून घेणे आवश्यकच असते. प्रश्न त्यानंतर सुरू होतो. शरीरात बिघाड सापडला नाही याचा अर्थ ‘काही नाही’ असा होत नाही. जिवावर बेतलेला किंवा मनुष्य पूर्णपणे असहाय झालेला प्रसंग मेंदूतील धोक्याची सूचना देणाऱ्या यंत्रणेवर खोल खूण ठेवून जातो. पुढे त्या प्रसंगाशी साम्य असलेली एखादी क्षुल्लक गोष्ट, चिखलाचा वास म्हणा, एखाद्याचा चढा आवाज म्हणा, ती यंत्रणा जागी करते. विचार करणारा मेंदू ‘हा २०१९ नव्हे’ असे सांगेपर्यंत हातापायांना घाम सुटलेला असतो. अशा माणसाला ‘घाबरू नकोस’ असे सांगणे म्हणजे चोर-घंटा वाजत असताना घंटेलाच उपदेश करण्यासारखे आहे.

वैद्यकशास्त्राला हे मान्य करायलाही वेळ लागला. व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या सैनिकांची अवस्था पाहून अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये आघातोत्तर तणावविकार, म्हणजेच पीटीएसडी, हे निदान आपल्या अधिकृत सूचीत समाविष्ट केले. १९९८ साली व्हिन्सेंट फेलिट्टी आणि रॉबर्ट अँडा यांनी बालपणातील प्रतिकूल अनुभवांविषयीचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. सॅन डिएगो येथे दोन टप्प्यांत झालेल्या या पाहणीत सतरा हजारांहून अधिक प्रौढांना विचारणा झाली. ही माणसे दरिद्री वस्त्यांतील नव्हती. बहुतांशी आरोग्यविमा असलेली, सुशिक्षित, खाऊनपिऊन सुखी अशी होती. तरीही त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी बालपणी मारहाण, शोषण, उपेक्षा वा घरातील व्यसन-हिंसा यांपैकी किमान एक अनुभव आल्याचे सांगितले, आणि असे अनुभव जितके अधिक तितके प्रौढपणी नैराश्यापासून हृदयरोगापर्यंतचे आजार अधिक, असे दिसून आले. ‘आपल्यासारख्या चांगल्या घरांत असले काही नसते’ या समजुतीला त्या अभ्यासाने चांगलाच धक्का दिला आहे.

याच सुमारास उपचारांच्या जगात एक नवा शब्दप्रयोग रूढ झाला : ट्रॉमा-इन्फॉर्म्ड. मराठीत त्याला ‘आघाताचे भान राखणारा उपचार’ असे म्हणता येईल. ही एखादी विशिष्ट उपचारपद्धती नव्हे. उपचार करणाऱ्याची ती भूमिका आहे. समोरच्या माणसात काय दोष आहे हे शोधण्याऐवजी त्याच्यावर काय गुदरले असेल, याचा विचार मनात ठेवून त्याच्याशी वागायचे. आणि ज्या असहायतेमुळे तो मोडला तीच असहायता उपचाराच्या खोलीत त्याला पुन्हा भोगावी लागणार नाही, याची काळजी घ्यायची. सुरक्षितता, विश्वास, पारदर्शकता, सहकार्य आणि निवडीचे स्वातंत्र्य ही तिची मुख्य सूत्रे. ऐकायला ही सूत्रे सौम्य वाटतात, परंतु प्रत्यक्षात ती फार कडक कसोटी आहे.

याचे कारण समजून घेण्यासाठी एक सार्वत्रिक समजूत तपासून पाहू. ‘सगळे एकदा बोलून टाक, मोकळा हो,’ असे आपण प्रेमाने म्हणतो. काही समुपदेशकही पहिल्याच भेटीत हेच म्हणतात. दुर्घटनेनंतर लगेच एकाच बैठकीत माणसाला सारा प्रसंग सविस्तर सांगायला लावण्याची पद्धत एके काळी जगभर प्रचलित होती. तिच्या परिणामांची तपासणी झाली तेव्हा पुढचा विकार तिने टळत नाही, आणि काहींच्या बाबतीत त्रास वाढूही शकतो, असे आढळले. आता ती पद्धत सुचवली जात नाही. जखम उघडी करणे म्हणजे जखम बरी करणे नव्हे. हार्वर्डच्या मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ट्रॉमा अँड रिकव्हरी’ या ग्रंथात बरे होण्याचे तीन टप्पे मांडले : आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, आणि शेवटी माणसांच्या जगाशी पुन्हा नाते. हा क्रम उलटा करून चालत नाही. ज्याला अजून रात्रीची झोप नाही, त्याला पुराची रात्र वर्णन करायला लावणे हा उपचार नव्हे.

याचा अर्थ भूतकाळाला कधी हातच लावायचा नाही, असाही नाही. आघाताच्या आठवणींवर थेट काम करणाऱ्या सिद्ध पद्धती आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत पीटीएसडीसाठी दोन पद्धतींची विशेष शिफारस केली : आघातकेंद्री विचार-वर्तन उपचार, म्हणजे ट्रॉमा-फोकस्ड सीबीटी, आणि डोळ्यांच्या हालचालींचा उपयोग करणारी ईएमडीआर ही फ्रान्सिन शपिरो यांनी विकसित केलेली पद्धत. दोन्हींना रीतसर प्रशिक्षण लागते. ते कोठे घेतले, किती काळ घेतले, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

खरी अडचण इथेच आहे. बाजारात नवा माणूस उधारीवर माल मागायला आला तर आपण चार ठिकाणी त्याची पत विचारतो. तुरीचा नमुना तळहातावर घेऊन दाणा दाताखाली फोडून पाहतो. आणि घरातल्या माणसाच्या मनावर उपचार करायची वेळ आली की मात्र कोणीतरी एक नाव सुचवतो, आपण मान खाली घालून जातो, एकही प्रश्न विचारत नाही, आणि बरे वाटले नाही तर ‘या गोष्टींचा काही उपयोग नसतो’ असा शेरा मारून परततो. संकोच समजण्यासारखा आहे. पण संकोचापोटी पारख सोडणे आपल्या परंपरेत बसत नाही.

प्रथम कोण कोणाला म्हणतात ते पाहू. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर. औषधे तोच लिहून देऊ शकतो, आणि त्याची नोंदणी महाराष्ट्रात महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधे देत नाही, बोलण्यातून उपचार करतो. त्याचे नाव भारतीय पुनर्वसन परिषदेच्या नोंदवहीत आहे का, हे पाहावे. ‘समुपदेशक’ हा शब्द मात्र फार सैल वापरला जातो. मानसशास्त्रात एम.ए. करून वर्षानुवर्षे वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम केलेली व्यक्तीही समुपदेशक, आणि आठवड्याच्या शिबिराचे प्रमाणपत्र भिंतीवर लावलेली व्यक्तीही समुपदेशकच. पाटीवरून फरक कळत नाही, विचारल्यावर कळतो.

पहिला फोन हीच पहिली परीक्षा. चिंताग्रस्त माणसाला तो फोन करणे हेच डोंगराएवढे वाटते, म्हणून घरातील कोणी तो केला तरी हरकत नाही. मात्र त्याची हकीकत आपण सांगत बसू नये, ती त्याची आहे. शिक्षण कोठे झाले, आघाताचा अनुभव असलेल्या प्रौढांबरोबर किती काळ काम केले आहे, एक बैठक किती मिनिटांची, शुल्क किती, आणि एखाद्या विषयावर बोलण्याची तयारी नसेल तर आपण काय करता, एवढे विचारले तरी पुरे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नीट ऐकावे. ‘तुमच्या गतीने जाऊ, थांबायचे असेल तेव्हा थांबू’ या अर्थाचे उत्तर आले तर बरे. ‘सगळे सांगितल्याशिवाय मी काय करणार?’ असे आले तर दुसरा क्रमांक फिरवावा. प्रश्न विचारल्याचा राग येणारा उपचारक कितीही प्रसिद्ध असला तरी या कामाचा नव्हे.

पहिल्या दोन-तीन भेटींत आणखी गोष्टी दिसतात. चांगला उपचारक बसायची जागा निवडू देतो. दाराकडे पाठ करून बसवत नाही. आज काय होईल, पुढच्या वेळी काय होईल हे आधी सांगतो. गोपनीयता कोठपर्यंत आहे आणि कोठे संपते हेही स्वतःहून सांगतो, कारण कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा बालकाच्या लैंगिक शोषणाची माहिती समोर आली तर कायद्याने त्याला गप्प बसता येत नाही. आठवणींचा लोंढा आलाच तर परत वर्तमानात कसे यायचे याचे साधे उपाय तो आधी शिकवतो : पायांखालची जमीन जाणवणे, खोलीतल्या पाच वस्तूंची नावे घेणे, श्वास सोडताना तो लांबवणे. याउलट काही खुणा अशा की त्या दिसताच उठून यावे. अमुक बैठकांत खात्रीने बरे करतो अशी हमी. परवानगीवाचून स्पर्श. दुसऱ्या रुग्णांच्या गोष्टी नावानिशी सांगणे. ‘तुमचेही काही चुकलेच असेल’ अशी भाषा. पतीला किंवा सासूला खोलीत बसवूनच बोलण्याचा आग्रह. विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत हे फार घडते, आणि जिच्या दुःखाचे मूळ घरातच आहे ती मग कधीच बोलत नाही.

एका गोष्टीचा वेगळा उल्लेख करतो, कारण आपल्यासारख्या घरांत तिचे आकर्षण अधिक असते. संमोहन करून पूर्वजन्मात नेणारे ‘उपचार’ अलीकडे बरेच बोकाळले आहेत. पूर्वजन्म मानणे हा श्रद्धेचा विषय आहे आणि तो तसाच राहावा. पण चिंतेवरचा उपचार म्हणून या प्रकाराला शास्त्रीय पुराव्याचा आधार नाही, आणि संमोहनाच्या अवस्थेत सूचनेने खोट्या आठवणी रुजू शकतात. आधीच घायाळ असलेल्या मनाला नवी जखम बहाल करण्याचा हा मार्ग आहे.

साधनेविषयीही स्पष्ट बोलायला हवे. सामायिकाने मन शांत होते, हा अनेकांचा अनुभव आहे. पण आघात सोसलेल्या काहींना डोळे मिटून ४८ मिनिटे स्थिर बसल्यावर शांतता न मिळता तोच प्रसंग पुन्हा दिसू लागतो. त्यांची भक्ती कमी पडते म्हणून असे होत नाही; बाहेरचे आवाज थांबले की आतली घंटा अधिक मोठ्याने ऐकू येते, इतकेच. जाणकार उपचारक अशा वेळी साधना सोडायला सांगत नाही. डोळे अर्धे उघडे ठेवून, हातात माळ धरून, आरंभी थोडाच वेळ बसण्याचे सुचवतो. हे त्याला सुचावे म्हणून आपल्या चालीरीती त्याला सांगितल्या पाहिजेत.

औषधांच्या बाबतीत तर हे सांगणे अत्यावश्यक आहे. ‘रात्री झोपताना एक गोळी’ असे चिठ्ठीवर लिहिलेले असते, आणि सूर्यास्तानंतर पाणीही न घेणारी व्यक्ती डॉक्टरांना काही न बोलता ती गोळी गाळते. पर्युषणात आठ दिवस औषध बंद, मग पुन्हा सुरू, असाही प्रकार होतो. चिंता व नैराश्यावरील बरीच औषधे अचानक बंद केल्यास चक्कर, बेचैनी, झोपमोड असा त्रास होतो, आणि दोष औषधाला दिला जातो. त्यांपैकी पुष्कळशी सकाळीही घेता येतात. कॅप्सूलच्या जिलेटिनविषयी हरकत असेल तर अनेकदा त्याच औषधाची साधी गोळी मिळते. बदल मात्र डॉक्टरांनी करायचा, आपण नव्हे. आणि जे झोपेसाठी वर्षानुवर्षे ओळखीच्या औषधविक्रेत्याकडून अल्प्राझोलामची पट्टी आणतात, त्यांनी हे जाणून घ्यावे की तिची सवय लागते, मूळ चिंता तिने जात नाही, आणि ती एकाएकी सोडणेही धोक्याचे असते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू मात्रा कमी करणे हाच त्यातून सुटण्याचा मार्ग.

आता सर्वांत अवघड प्रश्न. समाज लहान, सारे एकमेकांना ओळखणारे. मुलीची सोयरीक व्हायची आहे, धाकट्याचे लग्न ठरायचे आहे, आणि थोरल्याला मनोविकारतज्ज्ञाच्या पायऱ्या चढताना कोणी पाहिले तर? या भीतीपायी किती माणसे उपचारावाचून वर्षे काढतात, ते घराघरांनाच ठाऊक. देशाचे चित्रही फार निराळे नाही : बंगळुरूच्या निमहान्सने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या विकारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून दूर असल्याचे आढळले होते. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा या बाबतीत आपल्या बाजूने उभा आहे. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे त्याने बंधनकारक केले आहे. पूर्वी उपचार घेतले होते एवढ्यावरून आज कोणालाही मनोरुग्ण ठरवता येत नाही, असेही त्यात म्हटले आहे. शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही वैद्यकीय विम्याची तरतूद करणे विमा कंपन्यांवर त्याच कायद्याने आले. मात्र बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल होण्याचाच खर्च देतात, दर आठवड्याच्या बैठकांचा नाही, म्हणून ओपीडीचे कलम वाचूनच पुढचा हिशेब मांडावा.

लहान गावात राहणाऱ्यांना व्हिडिओवरून होणाऱ्या बैठकींचा मोठा आधार झाला आहे. मात्र त्यासाठी दार लावून घेता येईल अशी खोली लागते, आणि एकत्र कुटुंबात तीच दुर्मीळ. काही जण गावाबाहेर गाडी उभी करून गाडीत बसून बोलतात; त्यात गैर काही नाही. खर्चाचा प्रश्न असेल तर सरकारी व्यवस्था अगदीच टाकाऊ नाही. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, मुंबईचे केईएम, पुण्याचे ससून येथे मनोविकार विभाग आहेत. ठाण्याची आयपीएच ही डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये स्थापन केलेली संस्था मराठीतून काम करते. आणि ज्यांना कोठे जायचे तेच कळत नाही, त्यांच्यासाठी केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे : १४४१६, चोवीस तास, विनामूल्य, मराठीतही. जगणे नको असे वाटू लागले असेल तर योग्य उपचारक सापडेपर्यंत थांबू नये. तो फोन त्याच क्षणी करावा किंवा जवळच्या रुग्णालयात जावे.

पहिला उपचारक पटला नाही तर दुसऱ्याकडे जाण्यात कृतघ्नता नाही. अस्वस्थ वाटणे आणि असुरक्षित वाटणे यांत मात्र फरक करावा. अवघड विषयाला हात घातला की दोन दिवस मन जड राहते, झोपही बिघडते. ते अपेक्षित असते आणि पुढच्या भेटीत सांगायचे असते. अपमान झाला, बळजबरी झाली, आपले म्हणणे उडवून लावले गेले, तर मात्र तिसऱ्या भेटीची वाट पाहू नये.

घरच्यांचे काम त्या मानाने साधे आहे. बैठकीहून परतलेल्या माणसाला ‘काय विचारले? काय सांगितलेस?’ असे विचारू नये. जेवण वाढावे. आठवड्यातला तो एक तास बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी किंवा दुपारच्या मंदीच्या वेळी ठरवून द्यावा, आणि त्या तासात गल्ल्यावर दुसऱ्या कोणी बसावे. गिऱ्हाइकाने किंवा शेजारच्या दुकानदाराने विचारलेच, तर ‘कामानिमित्त बाहेर गेलेत’ एवढे उत्तर पुरते.